दिल्लीतली अफगाण महिला केंद्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीत भोगल, लाजपतनगर, मालवीयनगर, हौजरानी आणि खिडकी एक्स्टेन्शन या वस्त्यांमध्ये अफगाण निर्वासित स्त्रियांसाठी लहान-मोठी केंद्रं चालतात. तिथे शिकवायला, कागदपत्रांत मदत करायला किंवा देणगी द्यायला येणारी मराठी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कायदे आणि सरकारी नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या दिवशीचा नियम केंद्रातल्या कायदेविषयक कार्यकर्तीकडून पडताळून घ्या.

केंद्रात नेमकं काय चालतं?

हिंदी-इंग्रजीचे वर्ग, शिवण-भरतकाम, कागदपत्रांची मदत आणि पाळणाघर. पाहुण्यांना दाखवायला शिवणयंत्रं बरी असतात, पण केंद्र खरं उभं असतं ते पाळणाघरावर आणि कोपऱ्यातल्या कागदांच्या टेबलावर. पाळणाघर बंद असलं की वर्ग ओस पडतो. कागदांचं टेबल बंद असलं की बायका पैसे मोजून दलालाकडे जातात.

या स्त्रिया दिल्लीत कधी आणि का आल्या?

एकाच वेळी नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर काही कुटुंबं आली. १९९२ मध्ये काबूल मुजाहिदीनांच्या हाती गेल्यावर हिंदू आणि शीख कुटुंबं मोठ्या संख्येने आली. त्यांची वस्ती पश्चिम दिल्लीत टिळकनगरच्या आसपास आहे. १९९६ मध्ये तालिबान आल्यावर आणखी काही आले, आणि १५ ऑगस्ट २०२१ नंतर पुन्हा.

२०२१ नंतर आलेल्या तरुण मुलींचा प्रश्न वेगळा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली, त्याच महिन्यात स्वयंसेवी संस्थांमधल्या नोकऱ्या गेल्या, जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लरं बंद केली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही थांबवलं गेलं. त्यामुळे एकाच वर्गात काबूलमध्ये शाळेत शिकवणारी बाई, अर्धवट डॉक्टर झालेली मुलगी आणि कधीच शाळेत न गेलेली आजी शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. सगळ्यांना 'बिचाऱ्या' समजून पहिल्या दिवशी मुळाक्षरांची पुस्तिका वाटू नका.

भारतात निर्वासितांसाठी कायदा आहे का?

वेगळा कायदा नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. कायद्याच्या नजरेत या सगळ्या 'परदेशी नागरिक' आहेत. त्यांना १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे. त्याआधी १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट होता. अफगाण लोकांची नोंदणी आणि निर्वासित म्हणून मान्यता यांचं काम संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीतून पाहते.

म्हणून 'कार्ड मिळालं, आता काळजी नाही' असं कोणालाही सांगू नका. यूएनएचसीआरचं कार्ड अडचणीच्या वेळी फार उपयोगी पडतं, पण तो व्हिसा नाही.

यूएनएचसीआरकडे नोंदणी कशी होते?

आधी भेटीची वेळ घ्यायची. त्या दिवशी कुटुंबातल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळासकट, हजर राहायचं. सोबत मूळ पासपोर्ट, तझकिरा (अफगाण ओळखपत्र), लग्नाचा कागद, मुलांचे जन्मदाखले, जे असेल ते. काही नसलं तरी जायचं; कागद नाहीत म्हणून नोंदणी नाकारली जात नाही. फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. मग अर्ज विचाराधीन असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर सविस्तर मुलाखत होते, आणि ती मान्य झाली तर निर्वासित कार्ड. मधला काळ महिन्यांचा असतो, कधी वर्षांचाही.

अर्ज नाकारला गेला तर अपील करता येतं. मुदत पत्रातच लिहिलेली असते. पत्र हातात पडलं त्याच दिवशी ती तारीख केंद्राच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवा. बऱ्याच बायका पत्र वाचता येत नाही म्हणून कपाटात ठेवून देतात आणि मुदत निघून गेल्यावर घेऊन येतात.

ही सगळी प्रक्रिया फुकट आहे. फॉर्मचे, भाषांतराचे, 'आत ओळख आहे' म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो फसवतो आहे.

मुलाखतीच्या तयारीत आम्ही काय मदत करावी?

घटनांचा क्रम लावायला मदत करा, घटना सुचवू नका. एका कागदावर वर्षं लिहायची: कुठे राहत होतो, कुठे काम केलं, धमकी कधी आली, घर कधी सोडलं. तारीख आठवत नसेल तर 'रमझानच्या आधी', 'धाकटी झाली त्या हिवाळ्यात' असं सांगितलेलं चालतं. अंदाजाने ठोकलेली तारीख पुढे अंगाशी येते. वस्तीत 'पास होणाऱ्या गोष्टी' फिरत असतात. दुसऱ्याची गोष्ट सांगणारी बाई तपशिलात अडकते, आणि मग तिच्या स्वतःच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास राहत नाही.

नवऱ्याच्या फाइलमध्ये 'पत्नी' म्हणून नाव असलं तरी तिला एकटीने, स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी मागून मुलाखत देता येते. हे तिला नवऱ्याच्या गैरहजेरीत सांगा.

एकाच बाईच्या दोन कागदांवर जन्मतारीख वेगळी का असते?

अर्ज परत येण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अफगाणिस्तानात सौर हिजरी पंचांग चालत आलं आहे. वर्ष २१ मार्चच्या सुमारास, नौरोजला, सुरू होतं, आणि महिन्यांना राशींची नावं आहेत: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, जौजा म्हणजे मिथुन, असं हूत म्हणजे मीनेपर्यंत. मराठी माणसाला ही यादी एका बैठकीत पाठ होते. इसवी सन काढायचा तर २१ मार्च ते ३१ डिसेंबर या काळासाठी ६२१ मिळवायचे, आणि १ जानेवारी ते २० मार्चसाठी ६२२. शकात ७८ किंवा ७९ मिळवतो तसंच.

घोळ पुढे होतो. जुन्या कागदी तझकिऱ्यावर जन्मतारीख नसते. '१३८५ साली वय ७' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे जन्म १३७८ चा, म्हणजे मार्च १९९९ ते मार्च २००० यांच्या मधला केव्हाही. एका कारकुनाने १९९९ लिहिलं, दुसऱ्याने २०००, तिसऱ्याने दिवस-महिना माहीत नाही म्हणून १ जानेवारी घातली. केंद्रात येणाऱ्या कितीतरी बायकांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला असतो तो यामुळे.

त्यात तालिबानच्या काळातल्या नव्या कागदांवर चांद्र हिजरी सन दिसतो. तो आकडा सौर सनापेक्षा ४२-४३ ने मोठा असतो. सौर १४०१ म्हणजे चांद्र १४४३-४४. कागदावर १४४४ दिसलं आणि तुम्ही ६२१ मिळवले तर २०६५ येईल. तिथेच थांबा आणि तो चांद्र सन आहे हे ओळखा.

उपाय एकच. यूएनएचसीआरच्या कागदावर जी तारीख आहे ती, चूक वाटली तरी, पुढच्या प्रत्येक अर्जात तशीच उतरवा: शाळा, दवाखाना, घराचा करार, सगळीकडे. दुरुस्ती करायची तर आधी मूळ ठिकाणी करून घ्या. पासपोर्टवरची तारीख वेगळी असेल तर दोन्ही कागदांच्या प्रती आणि तफावतीचं दोन ओळींचं पत्र एकत्र टाचून ठेवा.

नावांचं काय?

अनेक स्त्रियांना आडनाव नसतंच. फॉर्ममधली आडनावाची चौकट भरलीच पाहिजे म्हणून कोणी वडिलांचं नाव घालतं, कोणी नवऱ्याचं, आणि एकच बाई तीन नावांनी नोंदवली जाते. तारखेचा नियम इथेही: कार्डावरचं स्पेलिंग अक्षरशः उतरवा. मोहम्मद हे नाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहितात, ते एकदा मोजून पाहा.

कागदपत्रं लॅमिनेट करून देऊ का?

मूळ कागद कधीही लॅमिनेट करू नका. त्यावर नंतर शिक्का बसत नाही, मागची नोंद तपासता येत नाही. प्लास्टिकची पारदर्शक फाइल द्या, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स द्या आणि एक स्कॅन तिच्याच ईमेलवर पाठवा. ईमेल नसेल तर काढून द्या आणि पासवर्ड तिच्या वहीत तिच्या हाताने लिहून घ्या. केंद्राच्या संगणकावर प्रती साठवू नका. तिथे सगळ्यांची नावं-पत्ते एकत्र असणं धोक्याचं आहे.

आधार कार्ड, सिम मिळतं का?

निव्वळ यूएनएचसीआरच्या कार्डावर आधार मिळत नाही. परदेशी नागरिकाला आधारसाठी वैध व्हिसा आणि मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचं वास्तव्य लागतं. म्हणून पहिलं काम असतं दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात. निर्वासित असल्याचं सांगणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये कार्यपद्धती घालून दिली, तिच्यात एलटीव्हीची सोय आहे. तो मिळाला तर खासगी नोकरीही कायदेशीर करता येते. अर्ज एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे, ऑनलाइन होतो. अडचण अशी की, तो सगळ्यांना मिळत नाही.

ओळखीच्या माणसाच्या नावावरचं सिम वापरणं हा सर्रास चालणारा तोडगा आहे. तो सुचवू नका. सिम ज्याच्या नावावर आहे तो भांडला की बाईचा ओटीपी, यूएनएचसीआरचे निरोप, आईशी चालणारं बोलणं, सगळं एका झटक्यात बंद होतं.

घरमालक काय विचारतात, आणि काय बिनसतं?

परदेशी भाडेकरू ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत 'फॉर्म सी' (२०२५ च्या नव्या नियमांत 'फॉर्म III') ऑनलाइन भरायचा असतो, शिवाय पोलिसांकडे भाडेकरू पडताळणी. बरेच मालक फॉर्म सीला घाबरतात किंवा भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं म्हणून टाळतात. त्याचा फटका बसतो बाईला. एफआरआरओच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा म्हणून फॉर्म सी आणि करार लागतो. तो नसेल तर व्हिसाचा अर्ज अडकतो.

म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाशी दोन गोष्टी बोलून घ्यायच्या: फॉर्म सी भरणार का, आणि ११ महिन्यांचा करार लेखी देणार का. केंद्रातल्या कोणी मालकासमोर बसून फॉर्म भरून दिला तर बहुतेकांची भीती जाते. काम थोड्या वेळाचं आहे. वीजबिलाचा दर युनिटला किती हे करारातच लिहून घ्या. पोटमीटरवर मनमानी दर लावणं हे या वस्त्यांमधलं नेहमीचं भांडण आहे.

मुलांना शाळेत प्रवेश मिळतो का?

मिळायला हवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप इयत्तेत बसवायचं असतं. प्रत्यक्षात ऑनलाइन फॉर्म आधार मागतो आणि कारकून 'नंतर या' म्हणतो. अशा वेळी वाद न घालता मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, दोन्ही कलमांचा उल्लेख करा आणि पोच घ्या. पोच मागितली की बरीच दारं उघडतात.

आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईहून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. दिल्लीतल्या अनेक सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालतात: सकाळी मुली, दुपारी मुलगे. एक मुलगी आणि एक मुलगा असलेल्या आईच्या घरात दिवसभर कोणीतरी मूल असतंच. म्हणून पाळणाघरात आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही घ्यावं लागतं आणि त्यांच्यासाठी गृहपाठाचं वेगळं टेबल लागतं. फक्त पाच वर्षांखालच्यांसाठी पाळणाघर काढलं तर ते अर्ध्याच आयांच्या कामाचं.

सहावीनंतर शाळा सुटलेल्या मोठ्या मुलींचं काय?

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. १४ वर्षं पूर्ण झाली की थेट दहावीला बसता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, हा मोठा फायदा. पहिल्या फेरीत दोनच विषय घ्या, त्यातला एक चित्रकला किंवा गृहविज्ञान असू द्या. या मुलींचं डोकं चांगलं चालतं, पण तीन-चार वर्षांनी परीक्षेला बसताना पहिलाच निकाल नापासाचा आला तर दुसऱ्यांदा फॉर्म भरायला त्या येत नाहीत. ओळखपत्र म्हणून काय चालेल ते फी भरण्याआधी अभ्यासकेंद्राला विचारा.

हिंदीचा वर्ग कसा घ्यायचा?

आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, १२ ते १५ जणी. लिहिता-वाचता येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची तुकडी वेगळी. एकत्र बसवल्या तर दुसऱ्या गटातल्या बायका गप्प होतात आणि दोन आठवड्यांत यायच्या थांबतात.

बहुतेकींची भाषा दारी (अफगाणिस्तानातली फारसी), काहींची पश्तो किंवा उझ्बेक. दारी लिहिणाऱ्या बाईला हिंदी शब्द तिच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, स्वतःच्या वहीत लिहू द्या. देवनागरीची घाई नको. आधी बोलणं: रिक्षाचं भाडं, डॉक्टर, शाळेचं ऑफिस, घरमालक, फोन नंबर.

दारीत ट, ठ, ड, ढ हे उच्चार नाहीत. त्यामुळे 'सात' आणि 'साठ' कानाला सारखे लागतात, आणि भाजीवाल्याकडे याचा लगेच फटका बसतो. खऱ्या नोटा टेबलावर ठेवा, तुम्ही आकडा म्हणा, तिने नोट उचलायची. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं एवढंच केलं तरी चालेल.

घरचे पाठवत नाहीत, तर काय करायचं?

सासूला बोलवा. चहा द्या (हिरवा, दुधाशिवाय, सोबत साखरेत घोळवलेले बदाम), वर्गाची खोली, पाळणाघर, स्वच्छतागृह दाखवा, कोण शिकवतं त्यांची ओळख करून द्या. नवऱ्यासाठी दाराबाहेर बसायची जागा ठेवा. आत पुरुष नाहीत हे त्याने एकदा पाहिलं की पुरे. वेळापत्रक दारीत छापून घरी द्या आणि ते काटेकोर पाळा. १२ ला सुटणारा वर्ग १२.३० ला सुटला तर घरी जाब द्यावा लागतो, आणि त्याची किंमत तिने मोजलेली असते, शिक्षकाने नाही.

केंद्र भेट द्यायला सोपं, पण रस्त्यावरून आत न दिसणारं हवं. तळमजला असेल तर पडदे. वरचा मजला असेल तर जिना उजेडाचा.

दुभाषी म्हणून तिच्या मुलाला किंवा मुलीला बसवलं तर?

नको. दहा वर्षांच्या मुलीने आईच्या पाळीबद्दल किंवा वडिलांच्या मारहाणीबद्दल डॉक्टरांना सांगावं, हे दोघींवरही अन्याय करणारं आहे. मूल काही गाळतं, आईही काही गाळते, आणि औषध भलत्याचंच मिळतं. प्रौढ स्त्री दुभाषी शोधा आणि ती चालेल का हे आधी बाईला एकटीला विचारा. समाज लहान आहे. दुभाषी तिच्या जावेची मैत्रीण निघू शकते. हजारा आणि पश्तून या दोन अफगाण समाजांतल्या कुटुंबांत एकमेकांबद्दल जुने अविश्वास असतात, त्याचाही विचार करा. जमत नसेल तर फोनवरून, नाव न सांगता दुभाषी जोडा.

दवाखान्याचं कसं होतं?

सफदरजंग आणि एम्ससारख्या सरकारी रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. गरोदर बाईची नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करून माता-बाल कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी असते. कॅलेंडरवर खूण करून ठेवा. लाजपतनगरच्या आसपास उपचारांसाठी आलेल्या अफगाण रुग्णांना हेरणारे दलाल खासगी रुग्णालयांकडून कमिशन घेतात. 'हा आपल्याच भाषेत बोलतो' म्हणून बायका त्यांच्यावर विश्वास टाकतात.

झोप न लागणं, सतत डोकं दुखणं, छाती भरून येणं या तक्रारी घेऊन बाई येते तेव्हा 'काय झालं होतं तिकडे?' असं विचारू नका. झोप, जेवण, दुखणं यांबद्दल विचारा. बाकीचं तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, किंवा सांगणार नाही.

इथे जन्मलेल्या बाळाचा दाखला?

जन्माची नोंद २१ दिवसांत. रुग्णालयात जन्म झाला तर नोंद तिथूनच जाते, पण घरी सोडण्याआधी आईचं नाव कार्डाप्रमाणे लिहिलंय का ते पाहा. नंतरची दुरुस्ती जिवावर येते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला मिळाला की बाळाचं नाव यूएनएचसीआरच्या फाइलमध्ये घाला. भारतात जन्म झाला म्हणून बाळाला भारतीय नागरिकत्व मिळत नाही.

घरात मारहाण होत असेल तर?

घरगुती हिंसाचार कायदा, २००५ तिलाही लागू आहे. त्यासाठी भारतीय असावं लागत नाही. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००. कायदेशीर मदतीच्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पोलिसांकडे जायचं की नाही हा निर्णय तिचा. व्हिसा संपला असेल तर तिला पोलिसांची भीती वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून आधी वकील, मग ठाणं. नवऱ्याशी 'समजुतीचं बोलायला' स्वयंसेवकांनी घरी जाऊ नये. त्यादिवशी तुम्ही परत येता, ती तिथेच राहते.

भरतकामाच्या वस्तूंचा भाव कसा ठरवायचा?

कंदाहारचं खामक म्हणजे कापडाचे धागे मोजून केलेलं अतिशय बारीक, रेशमी भरतकाम. ते करणारी बाई केंद्रात असेल तर तिला गोधडीचे तुकडे शिवायला बसवू नका.

आधी एकच नमुना तिघींकडून करून घ्या आणि प्रत्येकीचे तास लिहा. तिन्हींची सरासरी, तासाला दिल्लीच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही असा दर, त्यात कापड, धागा, धुलाई, आणि खराब निघणाऱ्या नगांसाठी थोडी भर. बऱ्याच संस्था उलट करतात: दुकानात काय खपेल तो भाव धरून मजुरी मागे ढकलतात. मग तासामागे हाती काहीच राहत नाही आणि चांगले हात निघून जातात.

नग परत येण्याची कारणं ठरलेली असतात. लाल धागा रंग सोडतो: भरण्याआधी लडी मिठाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. भरल्यावर कापड आक्रसतं: तुकडा चारही बाजूंनी दोन इंच जास्त कापा. रिंगचा डाग राहतो: काम थांबवताना रिंग काढून ठेवा. कापड सुती असेल तर आधी एकदा धुऊन मगच कापा.

दिल्लीत 'सिलाईवाली' या उपक्रमात अफगाण स्त्रिया उरलेल्या कापडाच्या चिंध्यांपासून बाहुल्या करतात. असं काम का टिकतं, तर नमुना ठरलेला, माप ठरलेलं आणि घरी बसून करता येण्याजोगं असतं.

खाद्यपदार्थ विकता येतील का?

बोलानी (सारण भरलेली पोळी), मंतू (वाफवलेले मोमो), काबुली पुलाव यांना गिऱ्हाईक आहे. बोलानीत गंदना ही पात भरतात. ती न मिळाल्यास कांद्याची पात चालते, पण मीठ लावून घट्ट पिळून घ्या, नाहीतर पारी फाटते. अन्नपरवाना संस्थेच्या नावावर काढा, कारण स्त्रीच्या कागदांवर तो सहज निघत नाही.

दुसऱ्या देशात पाठवायला मदत कराल का?

नाही, केंद्राच्या हातात ते नाही. जगभरात एक टक्क्याहून कमी निर्वासितांना तिसऱ्या देशात वसवलं जातं, आणि निवड यूएनएचसीआर व तो देश करतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचा कार्यक्रम थांबवला. कॅनडात नागरिकांनी पाच जणांचा गट करून कुटुंब पुरस्कृत करायची सोय होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा गटांचे नवे अर्ज घेणं थांबलं. टोरांटोतल्या नातलगाला कोणी विचारणार असाल, तर आधी सध्याची स्थिती पाहा आणि मगच बाईजवळ विषय काढा. तिने एकदा आशा धरली की ती हिंदीचा वर्ग सोडते, घर बदलत नाही, मुलाला शाळेत घालत नाही.

नागरिकत्व सुधारणा कायद्याने प्रश्न सुटला ना?

काहींचा. तो कायदा अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना आहे. नियम ११ मार्च २०२४ ला आले. टिळकनगरच्या कित्येक कुटुंबांना त्याचा उपयोग आहे. भोगल किंवा हौजरानीतल्या मुस्लिम स्त्रियांना, हजारा असोत की पश्तून, नाही.

काय वस्तू देऊ?

सॅनिटरी पॅड, जाड रजया (नोव्हेंबरच्या आधी), झेरॉक्सचे पैसे, मेट्रोचं रिचार्ज, पहिली ते आठवीची हिंदी माध्यमाची पुस्तकं, वाचनाचे चष्मे. साड्या नकोत, वापरलेले अंतर्वस्त्र नकोत, डबाबंद मांस नको. हलाल आहे की नाही हे कळत नाही. सगळ्यात उपयोगी देणगी म्हणजे वर्षभराच्या भाड्याचा ठरावीक हिस्सा, दर महिन्याच्या एक तारखेला.

परदेशातून पैसे पाठवले तर चालतात?

तुमचा पासपोर्ट कोणता यावर आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने बँकेतून पाठवलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. तुम्ही अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरीही, ती परदेशी निधीच. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात आले पाहिजेत. 'तात्पुरते भावाच्या खात्यातून फिरवतो' असं करू नका; संस्थेची नोंदणी जाऊ शकते. भारतातल्या देणगीदारांनी २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नये, त्यावर प्राप्तिकरात सूट मिळत नाही.

फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू का?

नाही. पाठमोरा, हातांचा, 'चेहरा झाकलेला' फोटोही नाही, जोवर ती बाई स्वतः, नंतर, विचार करून हो म्हणत नाही. तिचा भाऊ किंवा वडील अजून हेरातला किंवा गझनीत असू शकतात, आणि अंगठी, शाल, खिडकीबाहेरचं दुकान यावरून ओळख पटते. केंद्राचा पत्ताही पोस्टमध्ये लिहू नका.

पुण्यात किंवा मुंबईत असं केंद्र काढता येईल का?

येईल, पण गरज वेगळी आहे. पुण्यात अनेक वर्षांपासून अफगाण विद्यार्थी येतात, कित्येक भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीवर. तिथल्या मुलींचा प्रश्न निर्वासित कार्डाचा नसून अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थी व्हिसाचं काय, हा असतो. त्याची चौकशी शेवटच्या सत्राआधी, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात करायला हवी. व्हिसा संपल्यावर पर्याय फार उरत नाहीत. दिल्लीतला अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये आधीच्या मुत्सद्द्यांनी कायमचा बंद केल्यापासून पासपोर्ट आणि साक्षांकनाची कामं कुठे, कोणाकडून होतात हे बदलत गेलं आहे. तालिबानविरोधी काम केलेल्या मुलीला अशा कामासाठी अफगाण कार्यालयात जाणं सुरक्षित वाटतं का, हे तिलाच विचारा.

पुण्यात सुरुवात करायची तर जागा भाड्याने घेऊ नका. आठवड्यातून एक दिवस, ठरलेली वेळ, एखाद्या ग्रंथालयाची खोली, एक स्कॅनर आणि व्हिसाच्या नियमांची माहिती असलेली एक व्यक्ती एवढं पुरे. सहा महिने एकही आठवडा न चुकवता ते चाललं, तर पुढच्या खोलीचा विचार करा.